ड्युटीची यादी आणि युनिटचे प्रमुखपद

बेळगावातील एका अध्यापन रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात मी अनेक वर्षे शिकवते आहे. स्त्रीरोग किंवा बालरोग विभागाच्या प्रमुखपदी बाई असली तर त्याचे इथे कोणाला नवल वाटत नाही. हाडांच्या विभागात मात्र हे ताकदीचे काम, ते बाईला कसे झेपणार, हा प्रश्न आजही रुग्णाच्या नातेवाइकांपासून वरिष्ठ सहकाऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या मनात असतो. वस्तुतः पाय ओढून धरण्याचे काम आता ट्रॅक्शन टेबल करते आणि हाडाला भोक पाडण्याचे काम विजेवरचे ड्रिल करते.

ज्या दिवसाविषयी लिहायचे आहे, तो ऐन गळीत हंगामातला. संकेश्वरच्या पलीकडे उसाने भरलेली ट्रॉली पहाटे उलटली आणि तिच्यावर बसलेले ऊसतोड मजूर आमच्याकडे आणले गेले. युनिटप्रमुख परिषदेसाठी परगावी होते आणि दुसरे वरिष्ठ शस्त्रक्रियागृहात अडकलेले होते, त्यामुळे सर्वांत गंभीर रुग्णाची सूत्रे आमच्या एका तरुण सहायक प्राध्यापिकेकडे आली. ती विजयपूरकडच्या लमाणी तांड्यावरची, घराण्यात पहिलीच डॉक्टर. रुग्णही तांड्यावरचीच बाई होती. तिच्या कटिभागाची हाडे समोरून फाकली होती, रक्तदाब झपाट्याने उतरत होता आणि पुरुष डॉक्टरांना ती पदराला हात लावू देत नव्हती.

आमच्या या डॉक्टरने चादरीची घडी करून ती कमरेला न बांधता त्याखाली, मांडीच्या हाडांच्या बाहेरच्या उंचवट्यांवर आवळून बांधली आणि गुडघे एकत्र बांधले. फाकलेली हाडे जवळ आली की आतला रक्तस्राव आटोक्यात येऊ लागतो, आणि ती चादर वर पोटावर सरकली तर उपयोग जवळजवळ नाहीसा होतो. हे करताना आमची डॉक्टर रुग्णाशी गोरबोलीत, म्हणजे लमाणींच्या बोलीत, बोलत होती. त्या बोलण्यातूनच ती बाई गरोदर असल्याचे कळले. मुकादम आगाऊ दिलेली उचल परत मागेल या भीतीने तिने ते टोळीत कोणालाही सांगितले नव्हते. या एका माहितीने पुढचे नियोजन बदलले. स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलावले गेले, आणि हाडे जागेवर धरणारी बाहेरची चौकट बसवण्यासाठी खिळे कटिअस्थीच्या वरच्या कडेत घालायचे ठरले, कारण तिथे हाताला हाड लागते आणि सी-आर्मची, म्हणजे शस्त्रक्रियागृहातल्या क्ष-किरण यंत्राची, छायाचित्रे मोजकीच घ्यावी लागतात. आई वाचली तरच मूल वाचणार होते, त्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा प्रश्नच नव्हता. दुपारपर्यंत रक्तदाब स्थिर झाला. मी शेजारी उभी होते, पण निर्णय सगळे तिचे होते.

त्याच दुपारी ट्रॉमा, म्हणजे अपघाती जखमांच्या, युनिटचा नवा प्रमुख ठरवण्याची बैठक आधीपासून ठरलेली होती. चर्चेला आलेली सगळी नावे पुरुषांची होती. तिचे नाव मी मांडले तेव्हा उत्तर मिळाले की रात्रीच्या मोठ्या केसेसचा तिला पुरेसा अनुभव नाही. मी मागच्या ड्युटीच्या याद्या मागवल्या आणि त्या टेबलावर ठेवल्या. प्लास्टर रूम, बाह्यरुग्ण विभाग, जन्मतः वाकड्या पावलांचे क्लिनिक, परीक्षेचे कागद, या सगळ्यांत तिचे नाव होते. रात्रीच्या ट्रॉमामध्ये मुख्य सर्जन म्हणून जवळजवळ नव्हते. यात कोणाचा दुष्टावा होता असे मी म्हणणार नाही. रात्री तिला कशाला त्रास, लहान मूल आहे, व्यासपीठावर ती बुजते, अशा काळजीच्या बोलांतूनच त्या याद्या तयार झाल्या होत्या. २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पण त्या रजेत न केलेल्या शस्त्रक्रिया मात्र तिच्या नावापुढे उणीव म्हणून मोजल्या गेल्या. प्रमुख कोण होणार हे निवडीच्या बैठकीत ठरत नाही. ते कितीतरी वर्षे आधी, यादी करणाऱ्याच्या पेन्सिलीने ठरलेले असते, हे त्या दिवशी मला कागदावर दिसले.

ही केवळ आमच्या भागाची गोष्ट नाही. अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञांची अकादमी १९३३ साली स्थापन झाली आणि तिला पहिल्या महिला अध्यक्षा, डॉ. क्रिस्टी वेबर, २०१९ मध्ये मिळाल्या. आपल्याकडे मागे पाहिले तर १८८६ साली आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने डॉ. आनंदीबाई जोशी यांची अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची सूत्रे देण्यासाठी नेमणूक केली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाल्याने त्यांना ते काम करता आले नाही. त्या काळी तो निर्णय फार मोठा होता आणि मला त्याचा अभिमान वाटतो. तरीही बाईने बायकांच्याच विभागाची प्रमुख व्हावे, ही चौकट आपण अजून पुरती ओलांडलेली नाही. तांड्यावरून आलेल्या मुलीला तर दोन दारे ओलांडावी लागतात, आणि तिच्या बाजूने बोलणारे कोणी खोलीत नसते. कर्नाटकात लमाणी समाज अनुसूचित जातींत येतो, आणि आमच्या त्या बैठकीत अनुसूचित जातीतील एकही वरिष्ठ सदस्य नव्हता.

त्या दिवशी तिची निवड झाली नाही. परंतु माझ्या आग्रहावरून दोन गोष्टी इतिवृत्तात लिहिल्या गेल्या: रात्रीच्या ट्रॉमाची मुख्य जबाबदारी सर्व सहायक प्राध्यापकांना समान फिरेल आणि ती यादी सूचनाफलकावर लागेल, तसेच अनुभव मोजताना रजेचा काळ हिशेबातून वगळला जाईल, तो उणीव म्हणून धरला जाणार नाही. शिशाच्या एप्रनचा मुद्दाही मी मांडला, कारण नेहमीच्या एप्रनमधून काखेजवळचा स्तनाचा भाग उघडा राहतो आणि सी-आर्मजवळ रोज उभ्या राहणाऱ्या स्त्री सर्जनसाठी ही किरकोळ बाब नाही. तो खरेदी समितीकडे गेला आहे. पुढच्या महिन्याच्या यादीत आमच्या डॉक्टरचे नाव रात्रीच्या ट्रॉमासाठी मुख्य सर्जन म्हणून लागले, आणि युनिटप्रमुखाची पुढची निवड होईल तेव्हा मी याद्यांची तीच फाइल घेऊन बैठकीला जाणार आहे.