वय आईचं, अंगठा पोरीचा

मी नागपुरात एका शाळेत नववीला नागरिकशास्त्र शिकवते. मागच्या डिसेंबरातली गोष्ट, शहरात हिवाळी अधिवेशन, सिव्हिल लाइन्सकडे जिकडे तिकडे बॅरिकेड, अर्धी पोरं उशिरा आली. त्याच आठवड्यात, १० डिसेंबर २०२५ ला, ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायची बंदी लागू झाली होती, म्हणून मी वर्गात वादविवाद ठेवला, आपल्याकडे अशी बंदी हवी का.

आधी हात वर करायला सांगितले. ४४ पैकी २९ जण इन्स्टावर, बरेचसे सहावीपासूनच. १३ ची अट आहे न रे, जन्मसाल काय टाकलं? कोणी २०००, कोणी १९९५, एकानं सरळ बाबाचंच टाकलं होतं. (ही १३ ची अट तरी कुठून आली, तर अमेरिकेच्या १९९८ च्या मुलांच्या डेटाच्या कायद्यातून, मुलाच्या मनाला काय झेपतं याचा विचार त्यात नव्हताच.)

बंदीच्या बाजूची पोरं तयारी करून आली होती, दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, पोरांना किंवा आईबापाला काही नाही. दुसरीकडून एक जण म्हणाला, मी गणित यूट्यूबवर शिकतो, मी काय करू? त्याला सांगितलं का तिथं लॉगिन न करता व्हिडिओ पाहता येतात. मग मधल्या बाकावरची एक मुलगी उठली, एरवी फार बोलत नाही.

"मॅडम, माझं अकाउंटच नाही. फोन आईचा, अकाउंट आईचं, वय आईचं. १६ करा नाहीतं १८ करा, मी तं त्याला दिसतच नाही."

मी आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं सांगितलं, १८ खालच्या मुलांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागणार, मुलांवर पाळत आणि टार्गेट करून जाहिराती बंद, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले पण हा भाग १८ महिन्यांनी लागू होणार. तर ती म्हणे, "संमती फोनवरच मागतीन न मॅडम? फोन तं माझ्याच हातात राहते." वर्गात एकदम शांतता. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगते, आजही पूर्ण नाही.

चार वाजता तिची आई बोनाफाइड घ्यायला आली, घरी ब्लाउज शिवते. सही होईपर्यंत सहज म्हणाली, "मॅडम, माझा फोन बिघडला का हो? मी ब्लाउजचे गळे पाहते, अन् येऊन राह्यलं भलतंच." तिनं फोन दिला, मी दहा रील खाली सरकवले. त्यातले सात असले, ‘सात दिवसांत पोट आत’, ‘दिवसभरात फक्त एवढंच खाल्लं’, वजनकाट्यावर उभ्या काड्यांसारख्या पोरी. एकात काळा पडदा आणि त्यावर ओळ, माझी कोणालाच गरज नाही.

माझ्या पोटात गोळाच आला. हीच पोरगी दोन महिन्यांपासून डबा तसाच परत नेत होती, आणि आम्ही सगळ्या शिक्षिका परीक्षेचं टेन्शन असंल म्हणून सोडून दिलं होतं.

तिला ग्राउंडवरून बोलावलं. आई रागावली नाही, फक्त विचारलं, तू यामुळं जेवत नाहीस का. पोरगी रडायला लागली. "मी सर्च नाही केलं आई, एकदा थांबली फक्त." कोणी काही शोधत नाही, अंगठा कुठं दोन सेकंद जास्त थांबला एवढं मोजलं जातं आणि तसलंच आणखी पुढं वाढलं जातं, रात्री अकरा वाजता गोधडीत ती तेरा-चौदा वर्षांची आहे का अडतीसची हे तिथं कोण पाहते?

वयाच्या अटीला माझा विरोध नाही, असावी. पण आपल्याकडे एका फोनवर चार जण असतात, तिथं नुसत्या वयावर भांडून पोरं वाचणार नाहीत. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्यात मोठ्या प्लॅटफॉर्मना प्रोफाइलिंग न करता, म्हणजे कोण काय पाहतं यावरून माणसाचा अंदाज न बांधता, चालणारा फीडचा निदान एक पर्याय द्यावाच लागतो. माझं म्हणणं आहे का आपल्याकडे तो पर्याय सेटिंगमध्ये लपलेला नको, फोन उघडला की तोच पहिला हवा, सगळ्यांसाठी, मग अकाउंट कोणाच्याही वयाचं असो.

आम्ही तिघींनी बसून इन्स्टाच्या सेटिंगमधून सजेस्टेड कंटेंट रीसेट केलं, म्हणजे त्यानं आतापर्यंत शिकलेलं पुसलं, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत कोणत्या वारी जायचं ते ठरवलं. पोरीनं विचारलं, "मॅडम, हे परत शिकन का?" मी हो म्हटलं, खोटं कशाला बोलू. "मंग रात्री फोन माझ्या उशीखाली," आई म्हणाली.

ओपीडीत त्या दोनदा जाऊन आल्या, डब्यातली एक पोळी आता संपते. नवव्या दिवशी आईनं व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला, ब्लाउजच्या दोन गळ्यांच्या मधे वजनकाटा. खाली लिहिलं होतं, मी नाही पाहिलं मॅडम, अन् हिनंही नाही.