मागच्यास ठेच

माझ्या मेव्हण्यानं जीपमागं ओढायची खोली करून घेतली. तो तिला कॅम्पर म्हणतो, गल्लीतली पोरं चाकावरची खोली म्हणतात आणि सासूबाई 'ते डबडं' म्हणतात. दोन चाकं, आत झोपायला फळी, मागं दार उघडलं की ओटा, पोटाखाली पाण्याची टाकी. शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या शेडमध्ये एरवी उसाच्या ट्रॉल्या जोडतात, तिथंच ती जन्मली. त्यामुळं सांगाडा असा, की ऊस भरला तरी कण्हणार नाही. हौस म्हणून वरून तेवढा पातळ, पांढराशुभ्र पत्रा मारला होता.

पहिली फेरी गगनबावड्याची. कोल्हापुरातून जेमतेम 55 किलोमीटर. कळे सोडलं आणि रस्त्याचं काम लागलं. सगळीकडं सुटी खडी. मागून मधूनच 'टण्' असा आवाज यायचा.

"दाजी, आत भांडी हलालीत," मेव्हणा म्हणाला.

गगनबावड्यात उतरून बघितलं, तर भांडी जाग्यावर होती आणि कॅम्परच्या कपाळावर पोचे पडले होते. मी मोजले, 17 भरले. दोन ठिकाणी रंग उडून आतलं लोखंड दिसत होतं. बावड्याचा पाऊस बघता तिथं गंज चढायला एक पावसाळा पुरे. मेव्हण्यानं आधी समोरून गेलेल्या डंपरला शिव्या घातल्या, मग रस्त्याच्या ठेकेदाराला. पण डंपरचा दगड आमच्या जीपच्या पुढच्या काचेवर आला असता, आणि तिच्यावर ओरखडाही नव्हता. म्हणजे दगड मारणारी आमचीच जीप! मागच्या चाकांनी खडी उचलायची आणि मागून विश्वासानं येणाऱ्या खोलीच्या तोंडावर फेकायची.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. ही म्हण ज्यानं केली त्यानं आयुष्यात काही टोचन करून नेलं नसावं. इथं पुढचा खडी उडवतो आणि मागच्याला शहाणं व्हायची सोयच नाही, कारण त्याच्या गळ्यात दांडी आहे. त्याला बाजूला होता येत नाही, मागं राहता येत नाही.

लहानपणी माझ्या सायकलला मागचं मडगार्ड नव्हतं. पावसात शाळेत पोचलो की शर्टाच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाची सरळ रेघ. पुढून मी स्वच्छ असायचो. वर्गात बसल्यावर मागच्या बाकावरचा सांगायचा. जीपचंही तसंच, तिला मागचं काही दिसत नाही.

उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना पोचे दाखवले. ते हसले. "एवढंच व्हय? पुढनं एक जाड प्लेट उभी करूया. तोफ आली तरी काय होत न्हाई." केली उभी. पुढच्या फेरीत कॅम्परला खरंच काही झालं नाही. दगड प्लेटवर आपटला, आला तसा परत गेला आणि जीपची मागची काच खडीसाखरेसारखी सीटवर सांडली. बायको मागं बसली होती. दोन दिवस तिच्या पर्समधून काचा निघत होत्या. या प्रकरणात मेव्हण्याला तिनं काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. सख्खी बहीण आहे, तिला अधिकार आहे.

मग मात्र आम्ही नीट विचाराला बसलो. ऑस्ट्रेलियात असल्या खोल्या ओढत लोक शेकडो किलोमीटर कच्च्या रस्त्यानं जातात. ते दांडीवर तिरकी जाळी लावतात, आणि ती मुद्दाम मऊ, जरा झोळ ठेवलेली. दगड तिच्यात शिरतो, दम सोडतो आणि खाली पडतो. कडक आडोसा दगड परतवतो, मऊ आडोसा जिरवतो. काही जण तर गाडीच्या मागच्या काचेवर सरळ पुठ्ठा चिकटवून निघतात, दिसायला कसंही दिसो.

जाळीसाठी आम्हाला लांब जावं लागलं नाही. ढबू मिरचीवर घालतात ते हिरवं शेडनेट दुहेरी करून पाइपच्या चौकटीला बांधलं. खरा मुद्दा त्याच्याही आधीचा होता, दगड उडतो तिथंच तो अडवायचा. मिस्त्रीमामांनी भंगारातून साखर कारखान्याच्या कन्व्हेयरचा जुना पट्टा काढला. बोटाएवढा जाड, आत कापडाचे थर. "ह्यो आता फाटंल तवा फाटंल." जीपच्या मागं, रुंदीभर त्याचा पडदा सोडला, मधे हुक, साखळी आणि दिव्यांच्या वायरीपुरती खाच ठेवली.

पडदा सोडणं सोपं वाटतं. वर घेतला तर खालून दगड निसटतो. खाली सोडला तर रिव्हर्स घेताना चाकाखाली सापडतो आणि मुळासकट उपटतो, आमचा एकदा उपटला. हलकं रबर असेल तर वेगात वाऱ्यानं मागं उडून आडवंच होतं, म्हणून वजनदार पट्टा बरा, नाहीतर खाली सळई घालावी. आणि सायलेन्सरचं तोंड! पहिल्या दिवशी रबर जळल्याचा वास आला तेव्हा मेव्हणा म्हणाला, बाहेर कुणीतरी टायर पेटवलंय. मिस्त्रीमामांनी मग नळीचं टोक बाजूला वळवून दिलं.

पाण्याच्या टाकीचा नळ आणि गॅसची नळी पोटाखाली उघडी होती, त्यांनाही पट्ट्याचेच तुकडे बांधले. चाकांमागच्या चिखलपट्ट्या होत्याच.

उरला वेग. 60 च्या वेगानं जाताना उडालेला दगड कॅम्परला साधारण तेवढ्याच वेगानं भेटतो. 40 वर आलात तर त्याचा दणका निम्म्याहूनही कमी होतो, कारण दणका वेगाच्या वर्गानं वाढतो. हे मी मेव्हण्याला कागदावर आकडे मांडून पटवलं आणि ती माझी चूक झाली. आता तो खडी दिसली की 30 वर येतो.

मागच्या महिन्यात परतताना पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. मागं दोन ट्रॉल्या, चिखलपट्टी एकीलाही नाही, टायरातून मातीची ढेकळं सुटताहेत. गळीत चालू असताना हे दृश्य रोजचंच. मेव्हण्यानं अंतर ठेवायला सुरुवात केली. त्या अंतरात आधी दोन मोटरसायकली शिरल्या, मग दुधाचा टेम्पो, मग वडाप. प्रत्येकापासून हा नव्यानं अंतर ठेवी. बालिंग्याच्या आसपास आम्हाला एका सायकलवाल्यानं मागं टाकलं. मागच्या सीटवर बायको इतका वेळ गप्प होती.

"अरे," ती शेवटी म्हणाली, "आज पोचायचंय, का नुसते पोचेच वाचवायचेत?"