उत्तर आलंय, पण बरोबर आहे कशावरून?

नांदेडला बी.एस्सी. करताना न्यूमरिकल मेथड्सचा, म्हणजे गणितं आकडेमोडीने अंदाजे सोडवायच्या पद्धतींचा, पेपर होताच. बायसेक्शन, न्यूटन-रॅफसन, सिम्पसनचा नियम, रुंगे-कुट्टा. कॅल्क्युलेटर घेऊन तक्ता भरायचा, चार दशांश स्थळांपर्यंत उत्तर लिहायचं, मार्क खिशात. त्यामुळे पुण्यात एम.एस्सी.ला सायंटिफिक कम्प्युटिंगचा कोर्स निवडताना फारसा विचार केला नव्हता. सिलॅबसमधली निम्मी नावं तर ओळखीचीच. पण इथे असाइनमेंट तपासून यायची ती बहुतेक वेळा एकाच शेऱ्यासह: "उत्तर आलंय, पण बरोबर आहे कशावरून?"

पहिली असाइनमेंट वरवर पोरखेळ होती. साइन फलनाचं १ या ठिकाणचं डेरिव्हेटिव्ह काढायचं: जवळच्या दोन बिंदूंवरच्या किमती वजा करायच्या, अंतराने भागायचं. अंतर जितकं लहान तितकं उत्तर चांगलं, हे बारावीपासून डोक्यात बसलेलं. अंतर ०.१ पासून दहा-दहा पटींनी कमी करत एररचा आलेख काढला. एरर छान घसरत गेली, अंतर १०⁻⁸ च्या आसपास तळाला टेकली आणि तिथून पुन्हा वर चढायला लागली. १०⁻¹⁶ ला तर डेरिव्हेटिव्ह चक्क शून्य! डबल प्रिसिजनमध्ये, म्हणजे संगणक दशांश संख्या साठवतो त्या नेहमीच्या पद्धतीत, जेमतेम सोळा अंक मावतात, त्यामुळे १ मध्ये १०⁻¹⁶ मिळवले तरी संगणकाच्या लेखी ते १ च राहतं. त्याआधीच्या टप्प्यात दोन जवळपास सारख्या संख्या वजा होतात, पुढचे खरे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात उरतो तो शेपटीचा कचरा. बारावीतली लिमिट कागदावर खरी आहे, मशीनवर नाही.

त्यानंतर हिल्बर्ट मॅट्रिक्स. दिसायला किती साधी: पहिल्या ओळीत १, १/२, १/३, दुसरीत १/२, १/३, १/४, असंच पुढे. सगळी उत्तरं १ यावीत अशी उजवी बाजू आधीच तयार करून द्यायची आणि समीकरणं सोडवायची. ५×५ ला झकास. १०×१० ला शेवटचे बरेच अंक बिघडलेले. १२×१२ ला काही उत्तरं दशांश चिन्हानंतर लगेचच भरकटलेली. गंमत म्हणजे ही उत्तरं समीकरणांत परत घातली की फरक जवळजवळ शून्य दिसतो. पडताळा पास, उत्तर नापास. कंडिशन नंबर म्हणजे काय, ते तेव्हा कळलं: आकड्यांतली बारीकशी चूक उत्तरात किती पट मोठी होऊ शकते, त्याचं माप. १०×१० ला तो १.६×१०¹³ च्या घरात आहे, म्हणजे सोळांतले तेरा अंक गेल्यातच जमा. यात कोडचा काही दोष नसतो. प्रश्नच मुळात नाजूक असतो. माझ्या मते अख्ख्या कोर्समधला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि आमच्या पदवीच्या अभ्यासक्रमात नेमका हाच नव्हता.

मधले इंटरपोलेशन, इंटिग्रेशनचे आठवडे सुरळीत गेले. लॅबमध्ये पायथन चालायचं. पायथनची आकडेमोडीची लायब्ररी नमपाय ज्या लॅपॅक या लायब्ररीच्या जोरावर समीकरणं सोडवते ती मूळची फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतली, हे ऐकून पहिल्या बाकावरच्या दोघांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. जुनं म्हणून ते फोरट्रानला नाक मुरडायचे.

खरी परीक्षा उष्णतेच्या समीकरणात. एक सळई, दोन्ही टोकं शून्य तापमानाला, मधे साइनच्या आकाराचं तापमान. सोपी एक्सप्लिसिट पद्धत (पुढच्या क्षणाचं तापमान थेट आताच्या तापमानांवरून काढणारी) वापरायची तर एक अट पाळावी लागते: उष्णता-विसरणांक (सळईत उष्णता किती वेगाने पसरते तो आकडा) गुणिले काळाची पायरी, भागिले जागेच्या पायरीचा वर्ग, हे प्रमाण ०.५ च्या वर जाता कामा नये. सरांनी मुद्दाम ०.५१ घ्यायला लावलं. पहिल्या शेकडो पायऱ्यांत काहीच घडत नाही, आलेख गुळगुळीत उतरत जातो. हजाराच्या आसपास करवतीचे दात दिसायला लागतात आणि बघता बघता तापमान लाखांत. दर पायरीला जेमतेम ४ टक्के वाढणारी चूक, पण सुरुवात सोळाव्या अंकातल्या राउंडिंगपासून, म्हणून वर यायला एवढा वेळ. पाचशे पायऱ्यांवर प्रोग्राम थांबवला असता तर कुणालाही संशय आला नसता.

अट पाळत बसायचं तर ग्रिड (सळईवरच्या बिंदूंची जाळी) दुप्पट बारीक केली की काळाची पायरी चौथाई होते, एकूण काम आठपट. म्हणून प्रोजेक्टला १९४७ ची क्रँक-निकल्सन पद्धत घेतली. तिला ती अट नाही. प्रत्येक पायरीला समीकरणं सोडवावी लागतात खरी, पण मॅट्रिक्स तीन कर्णांचीच असते, बाकी सगळीकडे शून्य; थॉमस अल्गोरिदमने हजार अज्ञातं काही हजार क्रियांत सुटतात. गाउसची सरसकट पद्धत लावली तर तेच काम कोटींच्या घरात जातं. जागा आणि काळ दोन्हींच्या पायऱ्या निम्म्या केल्यावर एरर चौथाई होते का, याचा तक्ता रिपोर्टच्या पहिल्याच पानावर टाकला. तो शेरा परत नको होता.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या मॅडमनी तक्ता पाहिला, मान हलवली आणि म्हणाल्या, "आता ते साइनच्या आकाराचं तापमान काढून टाक. अर्धी सळई गरम ठेव, अर्धी थंड. पायरी मोठी घे." रन केलं तर मधोमध तापमान वर-खाली फडफडत होतं. "पद्धत स्टेबल आहे म्हणालास ना?" स्टेबल होतीच, कारण ती फडफड वाढत नव्हती. पण अशा मोठ्या पायरीला क्रँक-निकल्सन सगळ्यात बारीक लाटांचं फक्त चिन्ह उलटवत राहते, त्यांना दाबत नाही. "मग काय करशील?" पहिल्या काही पायऱ्या बॅकवर्ड ऑयलर या दुसऱ्या पद्धतीने घ्यायच्या, ती बारीक लाटा लगेच मारते, आणि मग क्रँक-निकल्सनकडे वळायचं, असं सांगितलं. "करून दाखव." तिथेच बसून लूपच्या आधी चार ओळी घातल्या. फडफड गेली. मॅडमनी एररचा नवा तक्ता मागितला.