वीस सेंटिमीटरचा पट्टा

बाटलीला पट्टा कशाला हवा, असं कुणी विचारलं की मी समजते, यांच्या घरात सध्या नऊ-दहा महिन्यांचं मूल नाही. त्या वयात मुलांना एक शोध लागतो. हातातली वस्तू सोडली की ती खाली जाते, आवाज होतो आणि आई वाकते. माझ्या लेकीने २०१६ चा अख्खा उन्हाळा या प्रयोगात घालवला. बाबागाडीतून बाटली टाकून झाली, दवाखान्यातल्या बाकावरून झाली आणि एक दिवस नवले पुलाजवळ चालत्या रिक्षातून झाली. ती बाटली मागच्या टेम्पोच्या चाकाखाली गेली. घरी आल्यावर मी दादांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, टेबलावरून दप्तराच्या कापडी पट्टीचा तुकडा घेतला, एका टोकाला वेल्क्रो शिवला, दुसऱ्या टोकाला क्लिप लावली आणि नवी बाटली बाबागाडीला बांधून टाकली. लेकीने बाटली सोडली. ती लोंबकळत राहिली. लेक बराच वेळ तिच्याकडे संशयाने बघत होती.

आमचा धंदा दप्तरं शिवायचा. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून चेन, रनर, बकल आणायचे आणि धायरीतल्या दोन खोल्यांत चार मशीनवर दप्तरं, डब्याच्या पिशव्या शिवायच्या. एप्रिल ते जून जेवायला फुरसत नाही, त्यानंतर मशीनवर पांघरूण. त्या रिकाम्या महिन्यांसाठी काहीतरी हवंच होतं. दादांना पट्टा दाखवला तर ते म्हणाले, "अगं, ही नाडी आहे. नाडीला गिऱ्हाईक मिळतं का कुठे?" पण सोसायटीतल्या तीन बायकांनी तसाच पट्टा मागितला आणि त्यातल्या दोघींनी आपणहून पैसे काढले. याला मार्केट सर्व्हे म्हणतात हे मला पुढे एका व्याख्यानात कळलं.

नाडी तर नाडी, पण बाटली धरून ठेवणं दिसतं तितकं सोपं नाही. दूध पाजायच्या बाटल्या पुष्कळदा कमरेत बारीक असतात, स्टीलच्या सरळसोट. गार पाणी भरलं की स्टीलला बाहेरून घाम फुटतो आणि वेल्क्रोचं कडं अलगद खाली उतरतं. दुकानात मिळणाऱ्या पाण्याच्या बाटलीला झाकणाखाली एक कॉलर असते. कारखान्यात बाटली धरायला ठेवलेली ती कॉलर आम्हाला आयतीच मिळाली, तिच्याखाली रबरी कडी बसवली की काम झालं. स्टीलसाठी कड्याच्या आतून सिलिकॉनची पट्टी शिवावी लागली. सिलिकॉन मशीनच्या पायाला चिकटतं, पुढे सरकतच नाही. पहिले काही दिवस आम्ही खाली-वर वर्तमानपत्र धरून शिवायचो आणि मग ते चिमट्याने ओढून काढायचो. टेफ्लॉनचा पाय मिळतो हे आमच्याकडच्या एका मावशींना ठाऊक होतं, त्या आधी रेक्झिनच्या कामाला होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पट्टीचंही तसंच. नायलॉन मजबूत म्हणून आधी तेच घेतलं, पण नायलॉन पाणी पितं, ओलं झालं की ताणतं. पॉलिप्रॉपिलिन पाणी पीत नाही, स्वस्त पडतं, पाण्यावर तरंगतंसुद्धा, मात्र उन्हात लवकर मरतं. पॉलिस्टर ऊन सोसतं. म्हणून मोठ्यांच्या पट्ट्याला पॉलिस्टर. टोकं गरम पात्याने कापली की धागे वितळून बंद होतात आणि उसवत नाहीत, ही दप्तरवाल्यांची जुनी युक्ती. पण वितळलेली कड गार होऊन टणक होते आणि बाळाच्या गालाला टोचते. लहान मुलांच्या पट्ट्याची टोकं आम्ही आत दुमडून शिवतो. एका पट्ट्यामागे काही सेकंद जास्त जातात आणि पीस रेटचं, म्हणजे नगामागच्या मजुरीचं, गणित बिघडतं.

पेटंट घ्यायचं भूत माझ्याही डोक्यात शिरलं होतं. सल्लागारांनी पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला आणि १९७० च्या पेटंट कायद्यातलं कलम ३ (फ) वाचून दाखवलं: आधीपासून ठाऊक असलेल्या, आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या तर तो शोध धरत नाहीत. क्लिप ठाऊक, पट्टी ठाऊक, कडं ठाऊक. डिझाइनची नोंदणी करता येईल म्हणाले, दहा वर्षं आणि पुढे पाच, पण ती फक्त दिसण्यापुरती. दादा जिन्यात म्हणाले, "नाडी." मी काही बोलले नाही.

२०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि आमच्या ओळखीत जो तो स्टीलची बाटली घेऊन फिरायला लागला. सिंहगडावर जाणाऱ्या मंडळींनी पट्टे नेले. वारीतल्या गिऱ्हाइकाचा मात्र मी कधी विचार केला नव्हता. पालखी पुण्यातून सासवडला निघते तो दिवस लांबचा आणि वाटेत दिवे घाट. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाईचा एक हात कायम वर असतो. तिला बाटली हातात नको, कमरेला हवी. त्या वर्षी एका दिंडीला आम्ही शिलाई वाकडी गेलेले चाळीसेक पट्टे असेच दिले. परत येऊन त्यांनी सांगितलं ते कुठल्याच सल्लागाराने सांगितलं नसतं: बकल पाठीकडे सरकतं, लुगड्याच्या काठात अडकतं, आणि क्लिपपेक्षा गाठ बरी. मग कमरेच्या पट्ट्याला आम्ही बकलच्या मागे कापडाची जीभ लावली.

त्याच वर्षी दिवाळीनंतर नाशिकहून एका ताईंचा फोन आला. पट्टा त्यांनी रात्री पाळण्याच्या दांडीला लावून ठेवला होता. पहाटे बघतात तर पट्ट्याचा वेढा मुलाच्या गळ्याभोवती. मुलाला काही झालं नव्हतं, ते जागं होतं आणि बाटली चावत होतं. ताई ओरडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आमचा पट्टा तेव्हा पंचेचाळीस सेंटिमीटर होता. का होता? पट्टीच्या रोलमधून तेवढा तुकडा नीट बसायचा, आणि लांब असला की गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं. एवढंच कारण. बाळ आणि दोरी या विषयावर जगात कुणी काही लिहून ठेवलं असेल, हे दोन वर्षं मला सुचलं नव्हतं. शोधल्यावर लगेच सापडलं. चोखणी कपड्याला अडकवायच्या पट्ट्यासाठी युरोपात वेगळं मानक आहे आणि त्यात लांबीची मर्यादा २२० मिलिमीटर. आपल्याकडे खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आहे, त्यातही दोऱ्यांचा विचार केलेला आहे. आमची वस्तू खेळणं नाही, चोखणीचा पट्टाही नाही. पण गळ्याला तो फरक कळत नाही.

पंचेचाळीसचे पट्टे थांबवले. वहीत ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन केले, पट्टा परत मागवला, पैसे दिले. निम्म्यांच्या आसपास परत आले. बाकीचे म्हणायचे, "राहू द्या हो, आमचं आता मोठं झालंय." दुकानांतून गेलेल्या पट्ट्यांचा पत्ता लागला नाही. त्याची रुखरुख अजून आहे.

नवा पट्टा क्लिपसकट वीस सेंटिमीटर. वेल्क्रो काढला, कारण त्याच्या आकड्यांत दुधाचा राप आणि गोधडीचे धागे साठतात आणि तो धरेनासा होतो. त्याजागी प्लास्टिकचं टिचबटण घेतलं, जोरात ओढ बसली की सुटेल असं. धातूचं टिचबटण रोजच्या धुण्याने गंजलं होतं. इथे आमच्या धंद्याचे दोन तुकडे झाले. मोठ्यांच्या पट्ट्याचं बकल काही झालं तरी सुटता कामा नये, घाटात बाटली दरीत गेली की गेली. बाळाचा पट्टा सुटलाच पाहिजे, बाटली पडली तर पडू दे. दुकानदारांना एकच माल हवा होता, दोन्हींकडे चालणारा. मी नाही म्हटलं. त्यातल्या तिघांनी माल परत पाठवला. "ताई, तुमचा पट्टा दांड्यापासून बाळाच्या तोंडापर्यंत पोचत नाही," ही तक्रार वर्षभर ऐकली. पोचत नाही हे खरं आहे. क्लिप दांड्याला नाही, बसायच्या जागेच्या कडेला लावायची असते. कार्डावर चित्र छापलं, तरी लोक दांड्यालाच लावतात. त्याच कार्डावर पहिली ओळ ठळक आहे: झोपताना पट्टा काढून ठेवा.

तोंडाशी बाटली धरून ठेवणारा पट्टा बनवा, अशी मागणीही येते. एका पाळणाघराने तर शंभर नगांची ऑर्डर देऊ केली होती. आमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारलं, त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. बाळ चोखायचं थांबलं तरी दूध येत राहतं, ठसका लागतो, गुदमरू शकतं, कानाचे त्रास होतात. बाटली माणसाच्या हातातच हवी. ती ऑर्डर घेतली नाही. पैशाची तेव्हा फार गरज होती, हेही सांगून टाकते.

आणखी एक भानगड कायद्याची. एका दुकानाने सुचवलं, पट्ट्यावर दुधाची बाटली फुकट देऊ, दणक्यात खपेल. सुदैवाने मी त्याआधी विचारून घेतलं. दूध पाजायच्या बाटल्यांची जाहिरात, त्यावर भेटी-सवलती, हे सगळं १९९२ च्या कायद्याने बंद आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. आईचं दूध मागे पडू नये म्हणून केलेला कायदा आहे, मला तो पटतो. तेव्हापासून आमच्या फोटोंत बाळाच्या पट्ट्याला पाण्याचा कप लावलेला असतो. पट्टा नक्की कशासाठी आहे हे आयांना सांगावं लागत नाही.

कोरोनाचं वर्ष मास्क शिवून काढलं, त्यावर वेगळं काही लिहिण्यासारखं नाही. नंतर एकदा बकलचा एक लॉट भंगार प्लास्टिक वितळवून केलेला निघाला. दिसायला तसाच, पण मे महिन्यात कडाकडा मोडायला लागला. तेव्हापासून प्रत्येक लॉटमधली दहा बकलं आम्ही पाच किलो वाळूची पिशवी लावून रात्रभर छताला टांगतो. सकाळी कारखाना उघडताना आधी जमिनीकडे बघायचं, ही सवयच लागली आहे.

सध्या काम चाललंय एका हाताने उघडणाऱ्या पट्ट्याचं. अर्धांगवायू झालेल्या एका आजोबांसाठी त्यांच्या सुनेने विचारलं होतं. काठीला बाटली अडकवायची आणि डाव्या हाताने काढायची. दादांनी हे काम स्वतःकडे घेतलंय. उजवा हात खिशात घालून ते रोज टेबलाशी बसतात आणि बकल उघडून बघतात. तीन नमुने झाले. तिसरा काल उघडला, पण बाटली त्यांच्या पायावर पडली. स्टीलची होती.