सुरतची गाडी
आज नंदुरबार स्टेशनवर सुरतच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोरडवाहू गावात कापूस वेचून झाला की हाताला काम उरत नाही. मग सुरतमधल्या उधना, लिंबायत या वस्त्या, यंत्रमागाची बारा तासांची पाळी आणि भाड्याची एक खोली.

शेजारच्या ताईंनी विचारलं, "भाऊ, तठे रेशन भेटी का?" भेटतं! कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर गुजरातमध्येही धान्य मिळतं. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं, याचा फार राग आला. ग्रामपंचायतीनं गाव सोडण्याआधीच सांगायला हवं ना?

ताईंसोबत त्यांची सहावीतली मुलगी. शाळेचा दाखला गावातच राहिलाय, पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तो नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सुरत महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. उधन्यात कुणी शिक्षक ओळखीचे असतील तर आजच कळवा.