केमरिखचे बूट

आज सुट्टीचा अख्खा दिवस एका ज्ञानकोशातल्या लेखात गेला. रेमार्क या जर्मन लेखकाची पहिल्या महायुद्धावरची कादंबरी, ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’. लेखाच्या पहिल्याच ओळीत दुसरं महायुद्ध! अहो, पुस्तक १९२९चं, त्याआधी १९२८मध्ये बर्लिनच्या वर्तमानपत्रात क्रमशः आलेलं. ते दुरुस्त केलं, १९३३ला नाझींनी प्रती जाळल्या तेही घातलं. ‘युद्धाचं विदारक चित्रण’ हे गुळगुळीत वाक्य मात्र सरळ उडवलं (तसं ते कुठल्याही युद्धकादंबरीला चिकटवता येतं) आणि केमरिखचे बूट लिहिले. पाय कापलेला पोरगा मरतोय आणि त्याचा सोबती म्युलरचा डोळा त्याच्या मऊ पिवळ्या बुटांवर. पुढे म्युलर गेल्यावर तेच बूट कादंबरीचा नायक पॉलकडे. या तीन ओळींना दोन तास लागले. आतून दोनदा हाक आली, भात गार झाला म्हणून.