तीन शिट्ट्यांचे काम

आमच्या जेवणाच्या टेबलाशेजारच्या कपाटात एक खण आहे. 'कागदपत्रांचा खण' हे त्याचे भारदस्त नाव. प्रत्यक्षात विजेची बिले, औषधांच्या चिठ्ठ्या, कोपऱ्याला कुंकू लावलेल्या लग्नपत्रिका आणि केव्हाच भंगारात गेलेल्या मिक्सरचे गॅरंटी कार्ड, असा त्यातला ऐवज. गेल्या चार दिवाळ्या तो आवरण्याचा संकल्प मी सोडत आलो आहे, दोन्ही अर्थांनी.

'मी मुळातच आळशी' हे वाक्य मी आजवर इतक्या कौतुकाने उच्चारले आहे की, ती कबुली न राहता सवलतीचा पास झाली होती. आळशी माणूस निवांत असतो हा मात्र, न आळसावणाऱ्यांनी पसरवलेला, गैरसमज आहे. दुपारी पंख्याखाली आडवे झाले तरी तो खण डोक्यात अर्धवट उघडाच असतो आणि न केलेल्या कामाचा शीण केलेल्या कामापेक्षा जास्त होतो.

परवा बायको खाली भाजी आणायला निघाली आणि दारातून म्हणाली, "कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा." शिट्ट्या मोजायच्या म्हणजे जागचे हलता येत नाही. नुसते काय बसायचे, म्हणून खण ओढला. आवरण्यासाठी नव्हे, हे मी स्वतःला बजावले होते. फक्त वरचे चार कागद, तेही पहिल्या शिट्टीपर्यंत.

कुकरची पहिली शिट्टी यायला सर्वांत जास्त वेळ लागतो. आतले पाणी तापायचे, वाफ धरायची, मग कुठे तो बोलतो; पुढच्या शिट्ट्या भराभर होतात. कागदांचेही तसेच झाले. पहिले चार कागद जड गेले, नंतर हातच थांबेना. उत्साह आला की कामाला लागू, असे मी वर्षानुवर्षे म्हणत होतो, पण शिट्टी झाल्यावर गॅस पेटवू असे कुणी म्हणत नाही.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीत फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या विद्यार्थ्याने अभ्यासासाठी टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ वापरले. त्यातूनच २५ मिनिटे काम आणि मग थोडी विश्रांती, अशी पोमोदोरो ही पद्धत निघाली. पोमोदोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. त्याचे टोमॅटो त्याला लखलाभ. आमच्याकडे वरण-भात आहे.

खणाच्या तळाशी नोटाबंदीच्या वेळचा, २०१६ सालचा, अर्धवट भरलेला बँकेचा फॉर्म निघाला. तो वाचत असतानाच दार उघडले.

"किती झाल्या?"

मी सहा म्हणालो. सात असाव्यात. भाताची पेज झाली होती, आणि ती आम्ही मेतकूट-तूप घालून मुकाट्याने खाल्ली. खण निम्मा राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच विचारले, "आज कुकर कधी लावणार?"